हाड मोडायची वाट कशाला पाहायची?

गेल्या अंकात उतारवयात खुबा मोडतो, त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत काही पत्रं वेगळ्याच दुखण्याची निघाली. कॅन्सर हाडात उतरलाय अशा माणसांच्या घरून आलेली. कुणी बायकोसाठी लिहिलंय, कुणी वडिलांसाठी. मी सांगली-मिरजेत हाडांची डॉक्टर म्हणून काम करते आणि असे पेशंट माझ्याकडे बहुतेक वेळा हाड मोडल्यावरच येतात. आधी आले असते तर किती हाल वाचले असते, हे दर वेळी मनात येतं. म्हणून या अंकातली सगळी जागा या पत्रांना दिली आहे. नावं गाळली आहेत, मजकूर थोडा आटोपता केला आहे.

“आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. बायकोचं चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो झाली, शेक (रेडिएशन) झाले, बरी होती. दिवाळीनंतर उजव्या जांघेत दुखायला लागलं. बागेत वाकून वाकून दुखत असेल असं आम्हाला वाटलं. आता त्या पायावर भारच देता येत नाही. सी.टी.त खुब्याची वाटी पोखरलीय असं आलंय. एक डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन फार मोठं आहे, झेपणार नाही. दुसरे म्हणाले, पसरलाय, आता घरीच सांभाळा. पुतण्यानं मोबाईलवर वाचलं की बारीक छिद्रांतून स्क्रू घालून सिमेंट भरतात. खरं आहे का मॅडम? तिला बागेत नाही जायचं, संडासला तरी स्वतःच्या पायानं जाऊ दे.”

खरं आहे. आणि तुमच्या पत्नीची मागणी मुळीच जादा नाही.

आधी ‘पसरलाय, घरीच सांभाळा’ या वाक्याबद्दल बोलते, कारण ते मला फार लागतं. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला म्हणजे तो मुळापासून बरा होणं बहुधा शक्य नसतं, हे खरं. पण आज हार्मोनच्या गोळ्या आहेत, नवी औषधं आहेत. हाडापुरता पसरलेला स्तनाचा कॅन्सर घेऊन अनेक बायका पुढे कित्येक वर्षं जगतात. ती वर्षं अंथरुणात काढायची की घरात हिंडत-फिरत, हे पुष्कळदा एका खुब्यावर ठरतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात. शिवाय जो पेशंट उठून बसू शकत नाही, त्याला केमो द्यायला कॅन्सरचे डॉक्टरही धजावत नाहीत. म्हणजे हाड सांभाळलं नाही तर कॅन्सरचा उपचारही अडतो.

आता खुब्यात नेमकं काय चाललंय ते सांगते. १८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर शरीरात कुठेही सारखा पसरत नाही, ठरावीक अवयवांतच जास्त जातो, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं लिहिलं की बी चहूकडे उडतं, पण मानवेल त्या जमिनीतच रुजतं. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला याहून जास्त समजवायला नको. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉइड या पाच ठिकाणच्या कॅन्सरना हाडाची जमीन विशेष मानवते. आपलं हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून निघतं. झिजवणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. कॅन्सरच्या पेशी हाडात शिरल्या की झिजवणाऱ्या पेशींना चिथावतात. हाड विरघळतं, त्यातून जी द्रव्यं सुटतात त्यांवर कॅन्सर आणखी वाढतो, आणि वाढला की पुन्हा हाड झिजवतो. लक्षात घ्या, कॅन्सर स्वतः हाड खात नाही. तो तुमच्याच पेशींकडून ते काम करून घेतो.

मांडीच्या हाडाचं डोकं कमरेच्या हाडातल्या ज्या खोबणीत बसतं, ती खुब्याची वाटी. तिच्यातून अख्ख्या धडाचा भार पायावर उतरतो. चालताना तर त्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट दाब येतो. वाटी पोखरली की पाऊल टेकवताच जांघेत कळ येते. अशा पेशंटचं पडल्या पडल्या दुखत असेल तर ते कॅन्सरचं दुखणं असतं. भार दिल्यावर कळ येत असेल तर हाड खचायला आलंय. या दुसऱ्या दुखण्याकडे कुणीही काणाडोळा करू नये. आणि साध्या एक्स-रेवर विसंबू नये. हाडातला तीस ते पन्नास टक्के चुना गेल्याशिवाय एक्स-रेत खड्डा दिसतच नाही. तुम्ही सी.टी. केलात हे चांगलं झालं.

मोठं ऑपरेशन म्हणजे काय, तेही सांगते. १९८१ साली हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन सर्जननं खुब्याच्या अशा वाट्या नव्यानं बांधायची पद्धत मांडली. मांडीपासून वरपर्यंत उघडायचं, रोगट हाड खरवडायचं, जाड पिना आणि सिमेंट घालून वाटी बांधायची, त्यावर कृत्रिम खुबा बसवायचा. पद्धत भक्कम आहे आणि आजही तिची गरज पडते. पण रक्त बरंच जातं, जखम मोठी असते, आणि ती भरेपर्यंत केमो व शेक थांबवावे लागतात. कॅन्सरनं आधीच थकलेल्या बाईला हे झेपणार नाही, असं तुमचे पहिले डॉक्टर म्हणाले, त्यात तथ्य आहे.

मोठं ऑपरेशन आणि घरी पडून राहणं यांच्या मधली वाट गेल्या काही वर्षांत तयार झाली. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या हाडांच्या सर्जननी तिची नीट घडी बसवली. पेशंटला भूल देऊन एक्स-रे आरपार जाणाऱ्या टेबलावर झोपवतात. सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रेचं चित्र दाखवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर पाहत, एखाद्या सेंटिमीटरच्या छेदातून बारीक तार हाडात घालतात. कमरेच्या हाडाचे जे जाड खांब अजून शाबूत असतात, त्यांतून ही तार खड्ड्यापर्यंत न्यायची. त्याच वाटेनं एक सुई जाते. तिच्या टोकाशी रेडिओ लहरींनी उष्णता तयार होते. साठ अंशांच्या वर तापमान गेलं की तिथल्या कॅन्सरच्या पेशी जागीच मरतात. मग एक छोटा फुगा आत फुगवून खड्ड्यात जागा करतात. त्यानंतर पोकळ स्क्रू. हे साडेसहा ते आठ मिलिमीटर जाडीचे असतात, एका भक्कम खांबापासून दुसऱ्यापर्यंत जातात आणि पोखरलेल्या भागाला आतून आधार देतात. शेवटी त्याच पोकळ स्क्रूंमधून सिमेंट सोडतात. आत गेल्यावर काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि स्क्रू, सिमेंट, उरलेलं हाड हे सगळं एकजीव होतं.

टाके अगदी मोजके पडतात. रक्त फारसं जात नाही. ज्यांना हे जमतं ते बहुतेक पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहतात, कारण जोर यायला हाड जुळायची वाट पाहावी लागत नाही. आणि जखम इतकी लहान असते की कॅन्सरचे औषधोपचार फार दिवस अडत नाहीत. मला स्वतःला या पद्धतीचा सगळ्यांत मोठा फायदा हाच वाटतो.

पण सगळ्यांनाच हे चालत नाही. वाटी फुटून मांडीच्या हाडाचं डोकं आत कमरेत घुसलं असेल, तर नुसतं सिमेंट भरून भागत नाही, तिथे सांधाच बदलावा लागतो. प्लेटलेट फार कमी असतील, रक्त गोठत नसेल, अंगात जंतुसंसर्ग असेल, तर आधी ते आवरावं लागतं. सिमेंट सांध्यात किंवा शिरेत गळण्याचा धोका थोडा असतो. खड्डा मोठ्या मज्जातंतूला चिकटून असेल तर उष्णतेची सुई जपून वापरावी लागते, कधी तो टप्पा गाळतात. आणि हा कॅन्सरवरचा उपचार नाही. औषधं चालू ठेवायची, शेक लागले तर घ्यायचे.

तुम्ही काय करावं? सी.टी.ची नुसती रिपोर्टची पानं नव्हे, सी.डी. घ्या. कॅन्सरच्या डॉक्टरांकडून पुढच्या औषधांचा बेत लिहून घ्या. आणि जिथे हाडांचा कॅन्सर पाहणारा सर्जन व सुईनं उपचार करणारा रेडिओलॉजिस्ट एकाच ठिकाणी बसतात, अशा मोठ्या केंद्रात दाखवा. मणक्यात सिमेंट भरणं, मांडीत सळई घालणं आपल्या भागात होतं. पण कमरेच्या हाडाचं हे काम पुण्या-मुंबईकडच्या अनुभवी हातांत झालेलं बरं. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून कॅन्सरचंच काम करतंय, आणि मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस आहे, खालचा बर्थ मागून घ्या. तिथे एवढंच विचारा: स्क्रू घालायला शाबूत खांब उरलेत का? सांधा बदलावा लागेल का? शेक आधी की नंतर?

तोपर्यंत तिला त्या पायावर भार देऊ देऊ नका. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं तर पूर्ण बंद. कमोडची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, ती आजच आणा. पलंग उंच करा, उशाशी वॉकर ठेवा, न्हाणीघरात खाली ओल राहू देऊ नका.

आणखी एक. हाडं टिकवण्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन किंवा डेनोसुमॅब देतात. चांगली औषधं आहेत, पोखरणं मंदावतात. पण ती सुरू करण्याआधी दात तपासून घ्या. नंतर दात काढावा लागला तर क्वचित जबड्याचं हाड सडतं. आपल्याकडे बायकांत मिश्री लावायची सवय अजून आहे, हिरड्या खराब असतात, आणि ‘दाताचं काय एवढं’ म्हणून हे राहून जातं. किडलेला दात असेल तर आधी काढा, जखम भरू द्या, मग इंजेक्शन. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तेवढंच.

“मी कोरेगाव तालुक्यात शिक्षिका आहे. वडील ७१ वर्षांचे. दोन वर्षांपासून प्रोस्टेटचा कॅन्सर. आता पाठ इतकी दुखते की रात्री झोप नाही. एम.आर.आय.त दोन मणके खराब आहेत. आमच्या गावाजवळ एक चांगले हाडवैद्य आहेत, ते तेल लावून पाठ चोळून देतात, पुष्कळांना गुण आलाय. चोळून घ्यावं का? आणि मणक्यात सिमेंट भरायचं का? परवापासून बाबांच्या पायाला मुंग्या येतात.”

ताई, तुमच्या पत्राची शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे. पत्र हाती आलं तेव्हाच तुम्हाला फोन करून कळवलं, पण इतर वाचकांसाठी इथेही लिहिते. कॅन्सर मणक्यात असलेल्या माणसाच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या, पाय लटपटू लागले, लघवी अडली, किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर ते मज्जारज्जूवर दाब येत असल्याचं लक्षण असतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. रविवार असो, सण असो. वेळेत स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग शेक किंवा ऑपरेशन झालं तर पाय वाचतात. उपचार सुरू होताना जो माणूस चालत असतो तो बहुधा पुढेही चालतो. पाय पूर्ण गेल्यावर आणलेल्याचे पाय परत येणं फार अवघड.

चोळू नका. मुरगळलेल्या पायाला, लचकलेल्या कमरेला आपल्या हाडवैद्यांच्या हातून आराम पडतो, हे मी पाहिलंय, त्याला मी नावं ठेवत नाही. पण पोखरलेल्या मणक्यावर गुडघा देऊन दाबलं, कड्‌कन आवाज काढला, की तो मणका चेपतो आणि तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर बसतो. हे हाडवैद्यांनाही सांगा. एखाद्याला आधी कॅन्सर झालेला असेल तर त्याच्या पाठीला हात लावण्याआधी फोटो बघा म्हणावं. समजूतदार माणूस ऐकतो.

प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यालाच का धरतो? कमरेतल्या शिरा आणि मणक्याभोवतीच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांत झडपा नसतात. १९४० साली बॅटसन या डॉक्टरनं हे दाखवून दिलं. खोकलं, शिंकलं, कुंथलं की पोटात दाब वाढतो आणि रक्त उलट्या दिशेनं मणक्याकडे जातं. त्यासोबत पेशी जातात.

आता सिमेंट. मणक्यात सुईनं सिमेंट भरायची सुरुवात १९८४ साली फ्रान्समधल्या आमिआँ शहरात झाली, गालिबेर आणि डेरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या एका मणक्यात ते भरलं. पालथं झोपवून, जागेपुरती भूल देऊन, सी-आर्मखाली सुई मणक्यात घालायची आणि घट्टसर सिमेंट सावकाश सोडायचं. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरनं मणका विरघळून चेपला असेल, किंवा मायलोमा (हाडाच्या मज्जेतला कॅन्सर) असेल, तर यानं पुष्कळांचं दुखणं दोन-तीन दिवसांतच उतरतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मी थांबेन. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा हाड विरघळवत नाही, उलट वेडंवाकडं नवं हाड रचतो. एक्स-रेत मणका पांढराफटक दिसतो. दिसायला घट्ट, ताकदीला कच्चा. अशा मणक्यात सिमेंट जायला जागाच नसते, जोर लावला तर बाहेर गळतं. त्यातून मज्जारज्जूवर दाब असेल तर सिमेंट भरणं धोक्याचं. त्यांना आधी स्टेरॉइड, शेक, आणि प्रोस्टेटची हार्मोनची औषधं. शेक म्हटलं की लोकांना महिनाभराच्या खेपा डोळ्यांसमोर येतात. नुसत्या दुखण्यासाठी ८ ग्रेचा (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप) एकच शेक पुष्कळ वेळा दहा शेकांइतकाच आराम देतो, फक्त पुढे पुन्हा द्यायची वेळ जरा जास्त येते. पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढूही शकतं, घाबरू नका. पूर्ण आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात.

“आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आईला किडनीचा कॅन्सर होता, किडनी काढली. आता डाव्या मांडीच्या वरच्या टोकाला हाडात खड्डा आहे, हाडाच्या निम्म्या जाडीचा. चालताना दुखतं. एक डॉक्टर सळई घाला म्हणतात, दुसरे म्हणतात मोडलं नाही तर कशाला हात लावायचा. आणि नुसतं सिमेंट भरून चालणार नाही का?”

मोडायच्या आधी हात लावायचा की नाही, हे ठरवायला एक साधा हिशेब आहे. मिरेल्स या सर्जननं १९८९ साली तो मांडला. चार गोष्टी पाहायच्या, प्रत्येकीला एक ते तीन गुण. हाताच्या हाडाला एक, पायाच्या हाडाला दोन, मांडीच्या अगदी वरच्या टोकाला तीन. दुखणं किरकोळ असेल तर एक, मध्यम असेल तर दोन, भार दिल्यावर कळ येत असेल तर तीन. हाड घट्ट पांढरं झालं असेल तर एक, मिश्र असेल तर दोन, विरघळलं असेल तर तीन. खड्डा जाडीच्या एक तृतीयांशाहून लहान असेल तर एक, दोन तृतीयांशापर्यंत दोन, त्याहून मोठा तर तीन. बेरीज सातपर्यंत असेल तर शेक देऊन लक्ष ठेवायचं. आठ म्हणजे काठावर, तिथे डॉक्टरांनी विचार करून ठरवायचं. नऊ किंवा जास्त झाली तर मोडायच्या आधी हाड बांधायचं. किडनीचा कॅन्सर हाड विरघळवतो. म्हणजे तुमच्या आईचे तीन, तीन, तीन आणि दोन, एकूण अकरा. मी तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे, आणि उशीर करू नका.

मोडल्यावर सळई घालता येतेच, मग आधी का? कारण मोडण्याचा क्षण फार वाईट असतो. न्हाणीघरात, जिन्यात, मध्यरात्री. रक्त जातं, माणूस घाबरतो, घाईत रिक्षात घालताना आणखी हाल होतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये रक्ताची सोय असते, भूलतज्ज्ञानं तपासलेलं असतं, आणि पेशंट लवकर उठून घरी जातो.

नुसतं सिमेंट मांडीला पुरत नाही. सिमेंट दाब उत्तम सोसतं, म्हणून मणक्यात आणि खुब्याच्या वाटीत ते कामी येतं. पण मांडीचं हाड चालताना वाकतं, वळताना पिळतं. वाक आणि पीळ सिमेंटला सोसत नाही, तडा जातो. म्हणून तिथे लांब सळई हवी, खुब्याच्या मानेपासून गुडघ्याजवळपर्यंत अख्ख्या हाडाला आधार देणारी. तीही आता दोन-तीन छोट्या छेदांतून जाते.

किडनीच्या कॅन्सरची एक गोष्ट मात्र तुम्ही आवर्जून विचारा. या गाठींत रक्तवाहिन्या भरपूर असतात, हात लावला की रक्त थांबता थांबत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी मांडीच्या धमनीतून नळी घालून त्या वाहिन्या बंद करतात. थायरॉइडच्या कॅन्सरलाही हेच लागू. ही सोय नसलेल्या ठिकाणी हे ऑपरेशन करू नये. शिवाय अंगात दुसरीकडे कुठेच कॅन्सर नसेल आणि हा एकच खड्डा असेल, तर काही वेळा तेवढं हाड पूर्ण काढून कृत्रिम भाग बसवणं जास्त चांगलं ठरतं. त्यासाठी पूर्ण अंगाचा स्कॅन आधी झालेला पाहिजे.

“हे सिमेंट बांधकामाचंच का? आणि कॅन्सरला सुई टोचली की तो भडकतो म्हणतात. – एक वाचक, वाई”

बांधकामाचं नाही. ते ॲक्रिलिक आहे, दातांच्या कवळ्या ज्या जातीच्या पदार्थाच्या करतात त्यातलं. भुकटी आणि द्रव ऑपरेशनच्या वेळी कालवतात, काही मिनिटांत घट्ट होतं. एम.आर.आय.ला अडचण येत नाही. आणि सुईनं कॅन्सर भडकतो ही भीती मनातून काढून टाका. उलट, ज्याला आधी कॅन्सर झाल्याचं माहीत नाही आणि हाडात एकच डाग दिसलाय, त्याच्या हाडात सुईनं तुकडा तपासल्याशिवाय कुणालाही सळई घालू देऊ नका. तो हाडातच सुरू झालेला कॅन्सर निघाला तर सळईनं तो अख्ख्या मांडीत पसरतो, आणि वाचवता आला असता तो पाय जातो.

“मी जत तालुक्यातून लिहितोय, रोजंदारीवर जातो. आईच्या हाडात सगळीकडे कॅन्सर आहे, ऑपरेशन होणार नाही म्हणालेत. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. शेजारी म्हणतात सवय लागेल, मग आम्ही फार दुखलं तरच देतो. परवापासून आई फार बडबडते, पाणी सारखं मागते, शौचाला होत नाही. तिला आजाराचं सांगितलेलं नाही. आणि पैशाचं कसं करायचं?”

आधी बडबडणं आणि तहान. हाडं विरघळली की त्यांतलं कॅल्शियम रक्तात चढतं. तहान, बद्धकोष्ठ, लघवी जास्त, मग भ्रम आणि गुंगी. हे शेवट जवळ आल्याचंच लक्षण आहे असं धरून घरी बसू नका. सलाईन आणि इंजेक्शननं कॅल्शियम बहुधा खाली येतं आणि माणूस पुन्हा नीट बोलू लागतो. उद्याच नेऊन रक्तातलं कॅल्शियम तपासा.

मॉर्फिन घड्याळ लावून द्या. दुखायची वाट पाहून दिलं की प्रत्येक वेळी दुखणं शिगेला पोचतं आणि गोळी जास्त लागते. कॅन्सरच्या दुखण्याला, सांगितल्या मापानं घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याची भीती बाळगू नका. शौचाला मात्र घट्ट होतंच, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवं. ते दिलंय का, विचारा. पूर्वी या गोळ्या मिळवणं फार कटकटीचं होतं. २०१४ साली कायदा बदलला, आता मान्यता मिळालेल्या दवाखान्यांत त्या मिळतात.

‘ऑपरेशन होणार नाही’ याचा अर्थ काहीच होणार नाही असा घेऊ नका. सगळीकडे कॅन्सर असला तरी एका जागचं दुखणं इतरांपेक्षा जास्त असतं. तिथे एक शेक किंवा सुईनं सिमेंट, यापैकी काही जमेल का, एवढा एक प्रश्न जरूर विचारा. कुशीवर वळता आलं, बसून चहा पिता आला, तरी त्या माऊलीला तो मोठाच फरक आहे.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आतापर्यंतचे सगळे कागद दाखवा. कोणता उपचार योजनेत बसतो ते तो तिथेच पाहून सांगतो. मिरज सिव्हिलमध्येही विचारा. आगाऊ पैसे भरायच्या आधी हे करायचं, नंतर नाही.

आईला सांगायचं का, हे तुम्ही शेवटी आणि भीत भीत विचारलंय. तिला बहुतेक माहीत असतं. तीही तुमच्यासाठी गप्प असते. तिनं विचारलं तर खोटं बोलू नका. ‘आजार हाडात गेलाय, दुखू नये म्हणून आम्ही सगळं करतोय’, एवढं तिच्या जवळ बसून सांगा. पुढचं ती विचारेल तेवढंच. आणि रजा पडेल म्हणून कॅल्शियमची तपासणी पुढे ढकलू नका. जतमध्ये रक्त घेऊन मिरजेला पाठवणारी लॅब असेल तर तिथेच द्या, रिपोर्ट हाती आला की मला फोन करा. नंबर मासिकाच्या कार्यालयातून तुम्हाला कळवायला सांगितला आहे.